दुसरं पोतं

आमच्या गावात पाणी आधी नळातून यायचं नाही, कृपादानच्या तोंडातून यायचं. "पानी आलं गं बायांनो, पानी आलं!" ही आरोळी वेशीपाशी उठायची आणि आमच्या दारापर्यंत पोचेस्तोवर नळाची फुसफुस सुरू झालेली असायची. माझी बायको बायडाबाई म्हणायची, "नळ सरकारला भीत न्हाई, कृपाभावजींना भितो."

कृपादान आमच्या ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. खांद्यावर वॉल, म्हणजे पाइपातला व्हॉल्व्ह, फिरवायची लोखंडी चावी, चांगली कमरेएवढी, पायात टायरच्या चपला आणि अंगात पांढरा शर्ट. गटारात उतरायचं असलं तरी पांढराच. मी एकदा विचारलं, "कृप्या, पाद्री व्हायचं ऱ्हाऊन गेलं म्हनून घालतोस का रे हा?"

"हनम्या," तो म्हणाला, "चिखल पांढऱ्यावर दिसतो, काळ्यावर दडतो. मला आपला दिसलेला बरा."

हनम्या म्हणजे मी. हनुमंत. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पुढं बारा एकर कोरडवाहू जमिनीनं शिकवलं. आता नातवंडं झाली, सगळे आजोबा म्हणतात, अण्णा म्हणतात, सोसायटीच्या चिठ्ठीवर हनुमंतराव लिहितात. हनम्या म्हणणारा एकच माणूस उरला होता. गोष्टी सांगायची मला खोड आहे. लग्न असो, बारसं असो, लोक मला मुद्दाम बोलावतात. एकानं तर तोंडावर सांगितलं, "अण्णा, तुमी नसला की दहाव्यालासुदा करमत न्हाई." याला मान समजायचं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

तर कृपादान पाणी सोडणारा कसा झाला ते ऐका. चौऱ्याऐंशी साली गावात नळयोजना आली. चर खणायला जे मजूर होते त्यात हा होता. दहावीला गणितात गेलेला, पण डोकं असं की कुठं किती पाइप पुरला, कुठं वाकवला, कुठं वॉल बसवला, सगळं त्याच्या ध्यानात. काम संपलं, कंत्राटदार निघाला. सरपंचांनी नकाशा मागितला. कंत्राटदार म्हणाला, "नकाशा बिलाला जोडलाय." बरं, बिल कुठाय? "बिल जिल्ह्याला गेलंय." ते बिल पास होऊन आलं, नकाशा काही आला नाही. मग पंचायतीनं नकाशाऐवजी कृपादानलाच ठेवून घेतलं.

रस्त्यावर तीन वेळा मुरूम पडला, सगळे वॉल मातीखाली गेले. कृपादान पावलं मोजत जायचा. शाळेच्या फाटकापासून नऊ, मग उजव्या हाताला चार. तिथं बसून बोटांनी माती बाजूला करायचा, खाली फरशीचा तुकडा, त्याच्या खाली वॉल. फिरवून झाला की पुन्हा माती ओढून सारखी करायचा. उघडा ठेवला तर पोरं दगड टाकतात. मी म्हणायचो, "अरे, एखादी खूण तरी ठेव." तो म्हणायचा, "मीच खून हाय की."

एका निवडणुकीची गंमत सांगतो. दोन्ही पार्ट्यांची माणसं त्याच्याकडे गेली. एक म्हणे खालच्या आळीचं पाणी दोन दिवस तोड, दुसरी म्हणे वरच्या आळीचं तोड. कृपादाननं दोघांना चहा पाजला, दोघांना "बरं बरं" म्हणाला, आणि चावी आणून आमच्या बायडाबाईच्या हातात दिली. "वहिनी, मतदान होईस्तोवर ही तुमच्या कनगीत ऱ्हाऊ द्या." वॉल होते तसेच राहिले, दोन्ही आळ्यांना पाणी आलं, आणि दोन्ही पार्ट्यांना वाटलं की दुसऱ्यानं त्याला फितवलं. चार दिवस बाजरीतून चावी डोकावत होती. बायडाबाई भाकरी थापायला पीठ दळायचं म्हणून बाजरी काढायला गेली की आधी तिला नमस्कार करायची.

माझं त्याचं जमायचं का, तर त्याला हसता यायचं. गोष्ट सांगणाऱ्याला हसणारा लागतो. आणि आमची एक जोडगोष्ट होती. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मी ती पहिल्यांदा सांगितली, खरं सांगायचं तर तिथंच बनवली. कृपादानचे वडील शांतवनकाका, मिशनच्या आवारात स्वयंपाकी. बहात्तरच्या दुष्काळात तिथं अमेरिकेची मिलो यायची, लाल ज्वारी. तर गोष्ट अशी, की गोऱ्या साहेबानं शांतवनकाकांना विचारलं, "शांतवन, देव किती मानतोस?" काका म्हणाले, "सायेब, देव एकच. पन पोती दोन द्या."

लोक हसले. आणि हसू ओसरायच्या आत पंगतीच्या त्या टोकाकडून कृपादानचा आवाज आला, "आन दुसरं पोतं कुनाच्या घरी गेलं, ते इचारा की ह्या हनम्याला!"

मांडव डोक्यावर आला. तेव्हापासून चाळीस वर्षं ती गोष्ट अशीच चालली. पहिलं चाक माझं, दुसरं त्याचं. मी पोती दोन म्हणालो की थांबायचं, आणि तो जिथं असेल तिथून बोलायचा. पहिला भाग साफ खोटा. शांतवनकाका जन्मापासून ख्रिस्ती, त्यांच्या आज्यानं बाप्तिस्मा घेतलेला, मिलोशी त्यांच्या देवाचा काही संबंध नव्हता. दुसरा भाग मात्र खरा होता. पण हसण्यात ते कुणी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही.

मागच्या पाच-सात वर्षांत आमच्या पारावरचं बोलणं बदललं. आधी वाद व्हायचे, नाही असं नाही. कारखान्याच्या निवडणुकीत भावकीत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत. पण दुसऱ्या दिवशी तंबाखू एकाच डबीतली. आता माणूस टीव्हीवर भांडण ऐकून येतो आणि पारावर तेच पुढं चालू ठेवतो. सरकारनं बायकांच्या खात्यात पैसे टाकावेत की रस्ते करावेत, आरक्षण कुणाला असावं, कोण कुठून आला, कुणाचे पूर्वज कुणाला विकले गेले, आणि सगळ्याच्या शेवटी देशावर प्रेम कुणाचं जास्त. कोण कुणाच्या मोबाईलच्या गटातून निघाला हे आता सोयरीक मोडल्यासारखं सांगतात. दोन चुलतभाऊ आमच्या इथं डेअरीला दूध घालायला वेगवेगळ्या वेळी जातात, फोनवरच्या एका निरोपापायी.

कृपादान या वादात पडत नसे. "माझ्याकडं पानी हाय, मत न्हाई," म्हणायचा. पण सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला पहाटे शाळेच्या मैदानावर पाणी मारायचं काम त्याचं. पंचायतीनं सांगितलेलं नव्हतं. झेंडावंदनाला पोरं उभी राहिली की धूळ उडते, पोरं खोकतात आणि राष्ट्रगीत अर्ध्यात तुटतं, म्हणून. साठी उलटली, पगार थांबला, तरी पाणी सोडायचं आणि मैदान भिजवायचं त्यानं थांबवलं नाही. दुसऱ्या कुणाला वॉल सापडतच नव्हते.

गेल्या वर्षीच्या सव्वीस जानेवारीलाही त्यानं मैदान भिजवलं. झेंडावंदन झालं, आणि साडेदहाला तिथंच मंडपात ग्रामसभा भरली. सरपंच अश्विनीताई. मुलगी चांगली, बारावी झालेली, पण बोलायचं काम तिचे यजमान बिभीषण करतात. ताई कागद वाचतात, बिभीषण मागच्या खुर्चीवरून त्याचा अर्थ सांगतात.

विषय आला खांबाचा. शाळेसमोरच्या चौकात साठ फुटी खांब, खाली मोठा चौथरा, वर कायमचा तिरंगा. पैसे कुठले, तर मिशन वस्तीची पाण्याची लाईन बदलायला राखून ठेवलेले. मिशन वस्ती म्हणजे आमच्या गावची ख्रिस्ती घरं, पंधरा-सोळा. त्यांची लाईन इतकी जुनी की पाइपापेक्षा गंजच जास्त.

एकजण म्हणाला, "लाईन आधी करा ना. झेंडा पुढच्या वर्सी लावू."

बिभीषण उठले. "पाइप जमिनीत जातो. कुनाला दिसतो? झेंडा पाच कोसावरून दिसंल. गावाचं नाव व्हईल."

"नाव पिऊन तहान भागती का?" मागून एक बाई.

"देशासाठी जवान बर्फात उभे ऱ्हातात, तुमाला नळ सुचतोय!"

झालं. मंडप दोन्हीकडून बोलायला लागला. कुणी म्हणालं खर्चाचा हिशोब द्या, कुणी म्हणालं हिशोब मागणाऱ्याचं आडनाव काढा. मग कृपादान उभा राहिला. हातात चावी, शर्टावर सकाळच्या पाण्याचे शिंतोडे. तो सभेत कधी बोलत नसे, म्हणून लोक जरा गप झाले.

"झेंडा लावा," तो म्हणाला. "माझी ना न्हाई. पन त्या जागी नगं."

"त्या जागी नगं म्हंजे?" बिभीषणांचा आवाज चढला. "मंग काय दुसऱ्या देशात लावायचा?"

"तसं न्हाई वो, ऐकून तर घ्या, तिथं खाली..."

"खाली काय अन् वर काय! तुमच्या वस्तीची लाईन गेली म्हनून पोटात दुखतंय, सरळ सांगा की!"

"बसा खाली!" "बोलू द्या त्यांना!" "काय बोलू द्या? ह्यांना झेंडा खुपतोय!" चार पोरं खुर्च्यांवरून उठली.

आता माझं काय चुकलं ते सांगतो. सभा तापली की तिला हसवून गार करायचं हे काम गावानं मला दिलेलं. मला वाटलं, दोघं मिळून आत्ता हिला हसवतो. मी उठलो, हात वर केला. "अरे, कृपादानवर कशाला ओरडता? ह्याच्या बापाचं तवाच ठरलं हुतं. देव एक, पन पोती दोन!"

मंडप हसला. सगळा. ओरडणारी पोरंसुद्धा हसली. मला बरं वाटलं. मी नेहमीसारखा थांबलो आणि कृपादानकडे पाहिलं.

तो माझ्याकडे पाहत होता. तोंड उघडं होतं, म्हणजे मघाचं अर्धं वाक्य अजून ओठावर होतं. मी भुवया उडवल्या, बोल ना अशा अर्थी. तो बोलला नाही.

त्या रिकाम्या जागेत बिभीषण बोलले. "बगा! ह्यांच्या मित्रानंच सांगितलं. अमेरिकेचं खाऊन धर्म इकला, त्यांनी आमाला देश शिकवायचा?"

आता हसू नव्हतं, टाळ्या होत्या. मी उभाच होतो. दुसरं चाक मला पाठ होतं की. चाळीस वर्षं ऐकलेलं. नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की दुसरं पोतं माझ्या घरी आलं. पाच शब्द. समोर माझे भाऊबंद, सोयरे, नातू बसलेला. मी खाली बसलो.

कृपादान पुढं गेला. अश्विनीताईंच्या टेबलावर चावी ठेवली, हळूच, आवाज न करता. "ताई, सांभाळा," म्हणाला आणि मंडपातून निघून गेला. कुणाचा विरोध आहे का, असं ताईंनी विचारलं. ठरावाला हात वर झाले. माझ्या दोन्ही बाजूंचे वर गेले, मधला एकटा खाली बरा दिसेना. माझाही गेला.

घरी आलो तर बायडाबाईला सगळं कळलेलं. ताट वाढलं. भाकरी संपत आली तेव्हा म्हणाली, "भावजी काय सांगत हुते, तिथं खाली काय हाय?"

"काय म्हाईत."

"इचारलं का कुनी?"

आठ दिवसांत कृपादाननं घराला कुलूप लावलं. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी स्टेला केडगावात, दवाखान्यात नर्स, जावई जस्टिन शाळेत मास्तर. ते कधीचे या म्हणत होते, तो नळाचं कारण सांगून जात नव्हता. आता कारण उरलं नाही. मी त्याला गाठायला निघालो ते रोज, आणि पोचलो कुठंच नाही. उद्या जाऊ म्हणायचो. केडगाव काही काशी नाही, तासाभराची एसटी. पण अपमान त्याचा झाला होता आणि तोंड लपवायची पाळी माझी होती.

मार्चमध्ये चौथरा झाला. भरभक्कम, काँक्रीटचा, वर फरशी. खांब उभा राहिला, झेंडा चढला. खोटं कशाला बोलू, पाहून ऊर भरून आला. पाच कोसावरून नाही, पण डोंगराच्या वळणावरून दिसतो खरा.

एप्रिलमध्ये विहीर खाली गेली आणि वरच्या आळीचं पाणी बंद झालं. थेंब नाही. कृपादानच्या जागी पंचायतीनं गोरक्षनाथ नावाचा गडी घेतला होता. मोटार चालू करायचा, टाकी भरायचा, मार्चपर्यंत त्याचं भागलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एक मुख्य वॉल फिरवून खालच्या आळीचं काही तास तोडायचं असतं, मग वर दाब मिळतो, हे त्याला कुणीतरी सांगितलं. वॉल कुठं, तर शाळेच्या फाटकापासून नऊ पावलं, मग उजवीकडे चार, हे मलाच ठाऊक होतं. कितीदा पाहिलेलं. मी सांगितलं. गोरक्षनाथ पावणेसहा फुटी गडी, तिरक्या नऊ ढांगा टाकल्या तर रस्त्यापलीकडच्या किराणा दुकानात गेला. मग माझ्या लक्षात आलं, की पावलं कृपादानची. बुटका माणूस, आखूड पाऊल. त्याच्या चालीनं मी स्वतः मोजत गेलो. एक, दोन, तीन. सात पावलांवर माझी चप्पल चौथऱ्याला अडली.

तिथं खाली... असं तो म्हणत होता.

वरच्या आळीला टँकर आला. बिभीषणांचं घर वरच्या आळीतच. पारावर पुन्हा वाद. एक म्हणे चौथरा फोडा. दुसरा म्हणे, झेंड्याखालचा चौथरा फोडायला हात कुणाचा धजतो बघू. सरकारचा पैसा वाया, असं एकजण म्हणाला तर त्याला देशद्रोही म्हटलं, आणि देशद्रोही म्हणणाराही हंडा घेऊन टँकरच्याच रांगेत होता. मला एरवी यावर दहा गोष्टी सुचल्या असत्या.

बायडाबाईचे गुडघे धरलेले, तरी दोन हंडे घेऊन आली आणि मला म्हणाली, "त्यो वॉल चौथऱ्याखाली न्हाई गाडलेला. तुमच्या जिभेखाली गाडलाय. जा केडगावला."

गेलो. मे महिना, दुपारची एसटी. जाताना एक किलो आंबे घेतले, मग ते हातात घेऊन जायची लाज वाटली. स्टेलानं दार उघडलं. लहानपणी माझ्या खांद्यावर बसून जत्रा पाहिलेली पोर. "या काका," म्हणाली, पण आवाजात घट्ट काहीतरी होतं.

कृपादान खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होता. पांढरा शर्ट. मला पाहून उठून उभा राहिला.

"या, हनुमंतराव. बसा."

पासष्ट वर्षांत माझ्या नावाला त्यानं राव लावला नव्हता. त्यानं शिवी दिली असती तर मी जेवून आलो असतो.

पाणी आलं, चहा आला. शेतीचं विचारलं, वहिनींच्या गुडघ्यांचं विचारलं. सगळं तुम्ही-आम्ही. मी पाण्याचं सांगितलं. तो ऐकत होता. मग उठला, कपाटातून एक मोठा कागद आणला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं काढलेलं आमचं गाव. वेस, शाळा, पार, चर्च, प्रत्येक आळी, प्रत्येक वॉलला लाल गोल. आणि पावलं नव्हती, सगळं फुटांत. खाली तारीख होती. अकरा फेब्रुवारी.

"ह्यो कवा काढला?"

"हितं आल्यावर लगीच. म्हनलं, कुनीतरी येईलच नेयाला." त्यानं कागदाच्या घड्या सारख्या केल्या. "फाटक वाजलं की स्टेला म्हनायची, बघा, हनुमंतकाका आले. मार्चपर्यंत म्हनायची."

मी कागदाकडेच पाहत होतो.

"चौथरा फोडू नका," तो म्हणाला. "उगं पुन्हा भांडनं. चिंचेखाली, आमच्या चर्चच्या भिंतीला, चौऱ्याऐंशी सालचा दुसरा वॉल हाय. त्यो उघडला की पानी आमच्या वस्तीतून फिरून वरच्या आळीला चढतं. पन ती लाईन सडलीय. आधी ती बदलावी लागंल."

"म्हंजे मिशन वस्तीची?"

"तीच."

हसायला हवं होतं. एवढी पिकलेली गोष्ट देवानं हातात दिली आणि आम्ही दोघं चहाच्या कपांकडे पाहत होतो.

"कृप्या," मी म्हणालो, "चल की गावाकडं."

"पानी मिळंल तुमाला. माझं काय काम आता."

"पान्यासाठी न्हाई म्हनत मी."

त्यानं कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "बिभीषनचं मला काय वाटलं न्हाई. त्याला म्हाईतच काय? तुमी उभे हुता. मी वाट बगत हुतो. चाळीस वर्सं तुमी थांबायचा आन मी बोलायचो. म्हनलं, आज आपुन थांबू. आज ह्यो बोलंल."

मी नकाशा घेऊन आलो. मिशन वस्तीच्या लाईनचे पैसे खांबाला गेले म्हणून जी फाईल पडून होती, ती तीन आठवड्यांत पास झाली. वरच्या आळीची तहान निघाली ना. जुलैत पाइप पडले, चिंचेखालचा वॉल उघडला, बिभीषणांच्या नळाला पाणी आलं. त्यांनी त्याचा फोटो काढून गटावर टाकला. विकास, असं लिहून.

पंधरा ऑगस्टची ग्रामसभा आली. सकाळी मैदानावर पाणी मारायला मीच गेलो. पाइप धरायची सवय नाही, निम्मा मीच भिजलो. सभेत शेवटचा विषय, आयत्या वेळचे. मी उठलो. लोक आधीच हसायच्या तयारीत. अण्णा उठले की काहीतरी असतं.

मी म्हणालो, "जानेवारीत मी हितं एक गोष्ट अर्धी सांगितली हुती. ती पुरी करायचीय. दुसरं पोतं आमच्या घरी आलं हुतं. बहात्तर साली. माझा बाप बारा एकराचा धनी, मिशनच्या रांगेत कसा उभा ऱ्हानार? तर शांतवनकाका पाटीत मिलो घालून, वर गोवऱ्या रचून, दिस उगवायच्या आत आमच्या परड्यात आनून ठेवायचे. म्हंजे कुनाला दिसू नये. आमची अब्रू त्यांनी डोक्यावरनं वाहिली. कृपादान संगं असायचा, गोवऱ्या पडू नयेत म्हनून धरायला. आन माझी आई..." इथं मला थांबावं लागलं. "माझी आई त्या मिलोवर पानी शिंपडायची आन मंग आत घ्यायची. त्यांच्यादेखत. ते जाईस्तोवर थांबायचीसुदा न्हाई. ती भाकर खाऊन मी जगलो. ह्या मंडपात पन्नाशीच्या वर जे बसलेत त्यातल्या निम्म्यांनी ती लाल भाकर खाल्लीय. मंग अमेरिकेचं खाल्लं कुनी? कृपादाननं ही गोष्ट चाळीस वर्सं सांगितली, पन पानी शिंपडल्याचं कंदी सांगितलं न्हाई. माझी लाज झाकून सांगितली. आन मी त्याची उघडी केली, ती पन खोटी."

कुणी हसलं नाही. दोन म्हाताऱ्यांनी माना खाली घातल्या. पोरं मोबाईलमध्ये होती. बिभीषण छताकडे पाहत होते. अश्विनीताईंनी घड्याळ पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "बसा अण्णा." इतिवृत्तात त्याची नोंद नाही. मी बघून आलो. "आभार मानून सभा संपली," एवढंच आहे.

घरी येऊन केडगावला फोन लावला. "सांगितली," मी म्हणालो. "पुरी. पानी शिंपडल्यासकट."

पलीकडे स्टेलाच्या घरचा कुकर शिट्टी देत होता.

"आईचं कशाला सांगितलं?" तो म्हणाला. "म्हातारी चांगली हुती."

"खरं हुतं ना?"

"व्हय. खरं हुतं." मग खाकरला. "बरं केलंत, हनुमंतराव."

मी फोन कानालाच धरून ठेवला. वाटलं, अजून काही म्हणेल. त्यानं वहिनींना नमस्कार सांगितला आणि ठेवला.

बायडाबाईनं विचारलं, "काय म्हनले?"

"बरं केलं म्हनाला."

"येनार हायेत का?"

मी फोन फडताळात ठेवला. ती चुलीकडे वळली.

आता गावात पाणी वेळेवर येतं. गोरक्षनाथकडे नकाशा आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पंचायतीच्या भिंतीला लावलाय, लाल गोलांसकट. गडी कामाचा आहे. फक्त आरोळी देत नाही. त्यामुळे पाणी कधी आलं ते कळत नाही, नळाखाली हंडा लावून बसून राहावं लागतं. मी बसतो. आळीतली पोरं येतात, म्हणतात, "अण्णा, पोत्याची गोष्ट सांगा ना." मी दुसरी सांगतो, कनगीतल्या चावीची. ती मला एकट्याला सांगता येते.